पासवर्ड बदलून भागत नाही: फ्रीपीबीएक्स फोन सर्व्हर सावरण्याचा योग्य क्रम

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून सकाळी साडेनऊला फोन आला. "दादा, आयएसडीचं बिल आलंय. आम्ही देशाबाहेर कधी फोन लावलाच नाही." मी पोचेपर्यंत दिवाणजींनी ॲडमिनचा पासवर्ड तीन वेळा बदलला होता, सर्व्हर दोनदा रिस्टार्ट केला होता आणि जागा मोकळी करायची म्हणून जुने लॉग उडवून टाकले होते. कॉलच्या नोंदी तेवढ्या शिल्लक होत्या. एक्स्टेंशन १०७ वरून रात्री सव्वादोन ते पहाटे पाच, एकामागून एक परदेशी क्रमांक. १०७ म्हणजे वसुलीच्या टेबलावरचा फोन. त्या वेळी दुकानाचं शटर खाली असतं आणि आत कुणी झोपत नाही.

पासवर्ड तीनदा बदलूनही दुसऱ्या रात्री कॉल गेलेच होते. कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, मिरजेची रुग्णालयं, पतसंस्था, जिथं जिथं स्वतःचा फ्रीपीबीएक्स (ऑफिसचे फोन चालवणारं, वेबपॅनेलवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) सर्व्हर आहे तिथं हेच बघतोय. मेहनत कमी पडत नाही, क्रम चुकतो. बाहेरचं दार उघडं ठेवून पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मारतात, पुरावा घ्यायच्या आधी रिस्टार्ट करतात, आणि पासवर्ड बदलून झाल्यावर जुना बॅकअप चढवतात, म्हणजे जुनेच पासवर्ड पुन्हा येतात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा.

## पासवर्ड का कामी येत नाही

ऑथेंटिकेशन बायपास म्हणजे पासवर्ड ओळखणं नाही, चोरणंही नाही. तो विचारलाच जात नाही. लॉगिनचं पान जागच्या जागी असतं, पण पॅनेलमधली दुसरी एखादी फाइल थेट मागवली की तिच्यातला कोड 'तू कोण' हे न विचारताच चालू होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्या एंडपॉइंट मॉड्यूलमध्ये (टेबलांवरच्या फोनच्या सेटिंग्ज भरून देणाऱ्या भागात) नेमकं हेच उघडकीला आलं. सुरक्षेतल्या त्रुटींच्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२५-५७८१९, तीव्रता १० पैकी १०. लॉगिन न करता मॉड्यूलपर्यंत पोचायचं, तिथून डेटाबेसमध्ये आपल्या ओळी घुसवायच्या आणि त्यांच्या जोरावर सर्व्हरवर हवी ती कमांड चालवायची. १५, १६ आणि १७ या तिन्ही आवृत्त्यांना धोका होता आणि निदान २१ ऑगस्टपासून, म्हणजे पॅच हाती यायच्या आधीपासून, हल्ले चालू होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी गोष्ट बाहेर आली, सीव्हीई-२०२५-६६०३९. पॅनेलची 'ऑथरायझेशन टाइप' ही सेटिंग 'वेबसर्व्हर' वर ठेवलेली असेल, तर वापरकर्त्याचं नाव खरं आणि पासवर्ड काहीही, एवढ्यावर आत जाता येत होतं.

यात तुमच्या पासवर्डाची लांबी कुठंच येत नाही. रस्ता बंद करणं, हाच पहिला उपाय.

## तयारी: हात लावण्याआधी पंधरा मिनिटं

या गोष्टी टेबलावर आणून ठेवा:

- राउटरचा ॲडमिन पासवर्ड. केबलवाल्याकडे असेल तर आत्ताच मागा. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो.
- सिप ट्रंक (नेटवर्कवरून येणारी बाहेरची फोनलाइन) किंवा पीआरआय (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन) देणाऱ्या कंपनीचा तक्रार क्रमांक आणि तुमचा ग्राहक क्रमांक.
- रिकामी बाह्य हार्डडिस्क. पेनड्राइव्ह बहुधा पुरत नाही.
- सर्व्हरला जोडायला मॉनिटर आणि कीबोर्ड. पुढं नेटवर्कवरून आत शिरता आलं नाही तर हेच उपयोगी पडतात.
- वही आणि पेन. काय केलं, किती वाजता केलं, लिहीत जा. बिलाचा वाद झाला तर हीच वही पुढं करावी लागते.

फोन बंद पडले तर कुणाचं अडेल, हेही विचारून घ्या. मिरजेतल्या रुग्णालयात वॉर्डातून ओटीला जाणारा फोन याच सर्व्हरवरून जातो. तिथं सर्व्हरची वायर उपटणं हा पर्याय नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

## टप्पा १: पैसा वाहायचा थांबवा

आधी ट्रंकवाल्या कंपनीला फोन करून आयएसडी बंद करायला सांगा. तोंडी सांगून सोडू नका, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि तोच मजकूर ईमेलनं पाठवा. बिल तुमच्या नावावर निघतं. कॉल कुणीही लावलेला असो, तो तुमच्या लाइनवरून गेलेला असतो. तुम्ही किती वाजता कळवलं याची लेखी नोंद नसेल तर नंतरच्या बोलण्याला वजन उरत नाही.

मग सर्व्हरवर चालू कॉल बघा. ॲस्टेरिस्क म्हणजे फ्रीपीबीएक्सच्या खाली प्रत्यक्ष कॉल चालवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या कन्सोलवर चॅनल्सची, म्हणजे चालू कॉलची, यादी मिळते. अनोळखी परदेशी कॉल चालू असेल तर त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि मगच कॉल तोडा.

इशारा: पॅनेलमधून आउटबाउंड रूट (कॉल बाहेर नेणारा नियम) काढून टाकला म्हणून निर्धास्त होऊ नका. पॅनेल ज्याच्या ताब्यात आहे तो रूट परत घालू शकतो. बंदी कंपनीच्या टोकाला पाहिजे.

## टप्पा २: बाहेरचं दार लावा

राउटरमध्ये जा, पोर्ट फॉरवर्डिंगचं (बाहेरून आलेली जोडणी आतल्या सर्व्हरकडे वळवण्याचं) पान उघडा आणि सर्व्हरकडे जाणारे सगळे नियम आधी फोटो काढून मग बंद करा. ८० आणि ४४३ हे पॅनेलचे, २२ हा एसएसएचचा (दुरून कमांड देण्याचा), ५०६० आणि ५०६१ हे सिपचे (कॉल जोडण्याचे). काही ठिकाणी १०००० ते २०००० ही आवाजाची रांगही उघडी असते. सिप ट्रंक इंटरनेटवरून येत असेल तर ५०६० आणि आवाजाची रांग फक्त कंपनीच्या आयपीपुरती ठेवता येते. बाकी कुणासाठीही नाही.

राउटरचे नियम काढले तरी ऑफिसातले फोन एकमेकांना लागतात, कारण ते आतल्याच नेटवर्कवर बोलतात. वॉर्ड ते ओटी चालू राहतं. पीआरआय किंवा जीएसएम गेटवे (सिमकार्डवरून कॉल नेणारा डबा) असेल तर बाहेरचे कॉलही चालू राहतात. हे समजावून सांगितलं की मालक दार लावायला घाबरत नाहीत.

सर्व्हर क्लाउडवर असेल तर हेच काम क्लाउड कंपनीच्या फायरवॉलमध्ये करायचं. आधी तुमच्या ऑफिसचा स्टॅटिक आयपी तिथं घाला आणि मग बाकी सगळं बंद करा. उलटं केलंत तर स्वतःच बाहेर अडकाल.

इथल्या तीन चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्यात. एक, पॅनेल ८० वरून ८०८१ वर नेलं म्हणजे ते लपलं अशी समजूत. पोर्ट चाळणारी यंत्रं सगळे आकडे चाळतात. दुसरी, फ्रीपीबीएक्सच्या फायरवॉल मॉड्यूलमध्ये नेटवर्क इंटरफेसच 'ट्रस्टेड' करून ठेवलेला असतो. इन्स्टॉलच्या दिवशी काहीतरी चालेना म्हणून कुणीतरी तसं केलं आणि ते तसंच राहिलं. ट्रस्टेड म्हणजे त्या वायरीवरून येणाऱ्या प्रत्येकाला मोकळा रस्ता. इंटरफेस 'इंटरनेट' वर ठेवा, ओळखीची नेटवर्कं तेवढी नावानिशी ट्रस्टेड करा आणि सर्व्हिसेसच्या पानावर वेब मॅनेजमेंटसमोरची 'इंटरनेट' ची खूण काढा. तिसरी, आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. सर्व्हरला थेट सार्वजनिक आयपीव्ही६ पत्ता मिळालेला असेल तर तिथं पोर्ट फॉरवर्डिंग लागतच नाही, दार आपसूक उघडं असतं. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये बाहेरून येणारं सगळं अडवा.

पडताळा: मोबाइलचं वायफाय बंद करा, डेटा चालू करा आणि ब्राउझरमध्ये ऑफिसचा सार्वजनिक आयपी टाका. लॉगिनचं पान दिसता कामा नये. ऑफिसच्या वायफायवरून तपासलेलं धरू नका, तुम्ही घराच्या आत उभं राहून दार लागलंय का ते बघताय. हा पडताळा झाल्याशिवाय पुढं जायचं नाही.

## टप्पा ३: रिस्टार्ट न करता पुरावा घ्या

आता हार्डडिस्क लावा. व्हर्च्युअल मशीन असेल तर चालू स्थितीतच स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्या. साधा सर्व्हर असेल तर निदान एवढं कॉपी करा: लॉगचा संपूर्ण फोल्डर, वेबपॅनेलचा फोल्डर, ॲस्टेरिस्कच्या कॉन्फिगरेशनचा फोल्डर, आणि डेटाबेसचा पूर्ण डंप. कॉलच्या नोंदींचा डेटाबेस वेगळा असतो, तो विसरू नका.

वेबसर्व्हरचे लॉग आवृत्ती १६ मध्ये 'एचटीटीपीडी' नावाच्या फोल्डरात सापडतात आणि डेबियनवर चालणाऱ्या १७ मध्ये 'अपाची२' नावाच्या. हे लॉग ठराविक दिवसांनी आपोआप फिरतात आणि जुने पुसले जातात, म्हणून उद्यावर टाकू नका. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. तुम्ही वहीत लिहिलेली वेळ इथंही लागते.

इशारा: सर्व्हरचं घड्याळ बघा. ते यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) असेल तर रात्री २:१३ चा कॉल आदल्या दिवशीच्या २०:४३ ला नोंदलेला दिसेल आणि तुम्ही ऑफिसातल्याच एखाद्या माणसावर संशय घेऊन बसाल. असा संशय मी एका तरुण पोरावर आलेला पाहिलाय. साडेपाच तासांचा हिशेब मांडला तेव्हा तो सुटला.

## टप्पा ४: आत कुणी येऊन गेलंय का ते शोधा

ऑगस्ट २०२५ च्या हल्ल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. मूळ सर्व्हरवर, जमल्यास कॉपीवर, एकेक बघा.

१. इटीसी फोल्डरातली 'फ्रीपीबीएक्स डॉट कॉन्फ' ही फाइल गायब किंवा अलीकडे बदललेली आहे का? तसं असेल तर गडबड आहे.

२. वेबपॅनेलच्या फोल्डरात 'क्लीन डॉट एसएच' नावाची फाइल आहे का? तिच्या नावाची सुरुवात टिंबानं होते, त्यामुळं साध्या यादीत ती दिसत नाही. लपलेल्या फाइलींसह यादी मागवा. "बघितलं, काही नाही," असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांनी साधी यादीच बघितलेली असते.

३. वेबसर्व्हरच्या लॉगमध्ये 'मॉड्युलर डॉट पीएचपी' कडे गेलेल्या पोस्ट (सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या) विनंत्या शोधा. रोजच्या वापरात त्या येत नाहीत. २१ ऑगस्ट २०२५ पर्यंत मागं जा.

४. कॉलच्या नोंदींत ९९९८ या एक्स्टेंशनला गेलेले कॉल आहेत का? तुम्ही स्वतः ते एक्स्टेंशन बनवलं नसेल तर तो कॉल तुमचा नाही.

५. डेटाबेसमधल्या 'एएमपीयूजर्स' टेबलात कोण कोण आहे? 'एएमपीयूजर' नावाचा संशयास्पद वापरकर्ता किंवा कुठलंही अनोळखी नाव म्हणजे धोक्याची घंटा. त्याच डेटाबेसमधलं क्रॉन कामांचं (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचं) टेबलही उघडा, तिथं घुसवलेली एक ओळ पुरेशी असते.

यापलीकडे ज्या जागा सहसा कुणी बघत नाही त्या बघा: रूट आणि ॲस्टेरिस्क या दोन्ही वापरकर्त्यांच्या एसएसएच चाव्या, एक्स्टेंशनवर लावलेलं फॉलो-मी आणि कॉल फॉरवर्ड, डीसा (बाहेरून फोन लावून इथल्या लाइनवरून पुन्हा बाहेर कॉल करायची सोय), आणि मॅनेजर इंटरफेसचे (दुसऱ्या प्रोग्रॅमना ॲस्टेरिस्क चालवू देणाऱ्या दाराचे) वापरकर्ते. मार्केट यार्डातल्या त्या दुकानात १०७ चा फॉरवर्ड एका परदेशी क्रमांकावर लावून ठेवलेला होता. कॉलच्या नोंदी चाळताना नाही, फॉरवर्डची यादी चाळताना तो सापडला.

पडताळा: प्रत्येक खुणेसमोर वहीत 'आहे' किंवा 'नाही' लिहा. एकही 'आहे' आलं तर टप्पा ५ गाळून थेट ६ वर जा. सगळी 'नाही' आली आणि लॉग २१ ऑगस्टपर्यंत पोचतात, तर ५ वर. सगळी 'नाही' आली पण लॉगच मागं पोचत नाहीत, तर त्या सर्व्हरमध्ये कुणी शिरलंय असंच मी धरतो आणि ६ वर जातो.

## टप्पा ५: फक्त पॅच, पण नीट

सर्व्हरला बाहेर जायची परवानगी ठेवा, आत यायची नको. मॉड्यूल ॲडमिनमध्ये जाऊन यादी ताजी करा आणि सगळी मॉड्यूलं अपग्रेड करा. एंडपॉइंट मॉड्यूलसाठी सुरक्षित आकडे असे: आवृत्ती १५ साठी १५.०.६६, १६ साठी १६.०.८९, १७ साठी १७.०.३ किंवा त्यापुढचा.

'आम्ही एंडपॉइंट वापरतच नाही' हे कारण चालत नाही. मॉड्यूल बसवलेलं असेल तर त्याचा कोड सर्व्हरवर आहे, आणि तेवढंच लागतं. नको असेल तर अनइन्स्टॉल करा. सपोर्टची मुदत संपल्यामुळं अपडेट अडला तर पॅनेल आतल्या एका ठरलेल्या कॉम्प्युटरपुरतंच ठेवा आणि मॉड्यूल काढून टाका.

मग ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'ऑथरायझेशन टाइप' बघा. ही ओळ एरवी दिसत नाही, त्यासाठी रीडओन्ली सेटिंग्ज दाखवायचे पर्याय आधी चालू करावे लागतात. तिथं 'वेबसर्व्हर' असेल तर 'यूजरमॅनेजर' करा, बदल लागू करा, 'ओव्हरराइड रीडओन्ली' पुन्हा 'नो' वर न्या आणि आता सर्व्हर रिस्टार्ट करा. रिस्टार्टची जागा ही आहे.

पडताळा: अपग्रेडचं बटण दाबलं म्हणजे अपग्रेड झालं असं नाही. मॉड्यूलच्या यादीत आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि वहीत लिहा.

## टप्पा ६: खूण सापडली असेल तर नवा सर्व्हर

इथं मालक सर्वात जास्त हुज्जत घालतात. "ती फाइल उडवा की, झालं." पुराचं पाणी शिरलेल्या पोत्यातली हळद वरून सुकलेली दिसली म्हणून आपण सौद्याला लावतो का? ज्याला सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता आली, त्यानं एकच फाइल ठेवली असेल हे कशावरून म्हणायचं? नवी डिस्क घ्या, नवं इन्स्टॉलेशन करा. आवृत्ती १६ चा नेहमीचा डिस्ट्रो सेंटओएस ७ वर उभा आहे आणि त्या सेंटओएसचा आधार ३० जून २०२४ ला संपलाय, तेव्हा नव्यानं करताना १७ वरच जा.

या टप्प्याच्या आतही क्रम आहे आणि तो मोडू नका:

१. नवं इन्स्टॉलेशन, इंटरनेटवरून आत यायला बंद.

२. सगळी मॉड्यूलं अद्ययावत, आकडे तपासलेले.

३. पहिल्या खुणेच्या तारखेआधीचा बॅकअप रिस्टोअर. तारीख सापडत नसेल तर २१ ऑगस्ट २०२५ च्या आधीचा. नंतरच्या बॅकअपात घुसवलेल्या ओळी असू शकतात.

४. रिस्टोअरनंतर टप्पा ४ च्या सगळ्या खुणा पुन्हा.

५. आणि मगच पासवर्ड.

जुना बॅकअपच नसेल तर एक्स्टेंशनची यादी कागदावर उतरवून हातानं भरा. ४० एक्स्टेंशनचं ऑफिस दोन माणसं एका दिवसात भरतात. मी शनिवारी सुरुवात करून रविवारी दुपारपर्यंत फोन चालू करून दिलेत.

## टप्पा ७: सगळ्या किल्ल्या बदला

ॲडमिन पॅनेल आणि रूट हे सगळ्यांच्या लक्षात असतात. राहून जातात ते हे: प्रत्येक एक्स्टेंशनचा सिप सीक्रेट (फोनचा संच सर्व्हरला दाखवतो तो पासवर्ड), सिप ट्रंकचा पासवर्ड (तो कंपनीकडूनच बदलून घ्यावा लागतो), व्हॉइसमेलचे पिन, यूजर पॅनेलचे पासवर्ड, मॅनेजर इंटरफेस, डेटाबेस, व्हॉइसमेल पाठवणाऱ्या ईमेल खात्याचा ॲप पासवर्ड आणि बॅकअप जिथं जातो तिथला पासवर्ड. सर्व्हरवर जे काही साठवलेलं होतं ते गेलं असंच धरून चालायचं.

१०७ चा सीक्रेट १०७१०७ आणि व्हॉइसमेलचा पिन १०७, हे आपल्याकडं घरोघरी आहे. फोन बसवणाऱ्यानं सोय म्हणून ठेवलं आणि पुढं कुणी बघितलं नाही. सीक्रेट यंत्रालाच बनवू द्या, तो माणसाला पाठ करायचा नसतो. फोनच्या संचात एकदा भरला की संपलं.

इशारा: हे काम टप्पा २ च्या आधी केलंत तर नवे पासवर्डही बाहेरच्याच्या हाती. टप्पा ६ च्या आधी केलंत तर बॅकअप ते पुसून टाकील.

## टप्पा ८: दार परत उघडताना

पॅनेल इंटरनेटवर परत उघडायचंच नाही. विट्याच्या शाखेला किंवा बाहेर फिरणाऱ्या विक्रीच्या माणसाला जोडायचं असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा बंदिस्त खासगी रस्ता). फायबर कनेक्शनचा आयपी बदलत राहतो, त्यामुळं आयपीची यादी करून परवानगी देण्याचा नाद शाखांसाठी टिकत नाही. चार दिवसांनी कुणीतरी कंटाळून 'सगळ्यांना' करून टाकतं. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन बसवायला तासभर लागतो.

राउटरच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. काही राउटर बाहेरून आलेल्या प्रत्येक जोडणीवर स्वतःचाच आतला पत्ता चढवतात. मग सर्व्हरला जगातला प्रत्येक जण आतलाच वाटतो, फायरवॉल सोडून देतो आणि चुकीचे पासवर्ड मोजून अडवणारी व्यवस्था एक तर कुणालाच अडवत नाही किंवा राउटरलाच अडवून सगळे फोन पाडते. वेबसर्व्हरच्या लॉगमध्ये बाहेरचा खरा आयपी दिसतो का, ते मोबाइल डेटावरून एकदा करून बघा.

आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात अर्ज. सोबत वहीची झेरॉक्स, कॉलच्या नोंदींची प्रत आणि कंपनीला पाठवलेला ईमेल.

दर सोमवारी सकाळी दिवाणजींनी एकच गोष्ट बघायची: मागच्या सात दिवसांत रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत बाहेर गेलेले कॉल. बहुतेक दुकानांत ही यादी चार ओळींची असते. सुट्टीला जोडून आलेल्या रविवारनंतर तर हमखास बघा, कारण हे कॉल कुणी नसताना, शनिवारच्या रात्री किंवा दिवाळीच्या सुट्टीतच लावले जातात.

आयएसडी सर्वात शेवटी, आणि खरोखर लागत असेल तरच. हळद किंवा बेदाणा बाहेर पाठवणाऱ्या पेढीला ते लागतं. त्यांनी आउटबाउंड रूटमध्ये शून्य-शून्यनं सुरू होणारं सगळं न उघडता ज्या देशात माल जातो त्याच देशांचे कोड लिहावेत, रूटला पिन लावावा, तो दोनच माणसांना द्यावा, आणि कंपनीकडून आयएसडीला महिन्याची रकमेची मर्यादा लेखी घालून घ्यावी. त्या दुकानानं मर्यादा घालून घेतली, फॉरवर्ड काढला आणि १०७ च्या फोनवरून आता फक्त स्थानिक क्रमांक लागतात.